बाजेशेजारचा सूर्य

नरकचतुर्दशीची पहाट. स्नान उरकून नातवाला घेऊन तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठी आलो. त्याने काठावर पणती ठेवली. ईशान्येला सप्तर्षींची बाज वर आली होती.

‘‘आजोबा, बाजेच्या उजवीकडे ती अंधुक चांदणी कुठली?’’

‘‘तो आपल्यासारखाच एक सूर्य. शास्त्रज्ञ त्याला ४७ उर्से मेजॉरिस म्हणतात. १९९६ साली मार्सी आणि बटलर यांना तिथे ग्रह सापडला, गुरूच्या निदान अडीचपट वजनाचा. २००१ साली दुसरा.’’

‘‘दुर्बिणीतून दिसले?’’

‘‘छे! फुगडीत ताई तुला फिरवते, तेव्हा तुझ्या ओढीने तीही थोडी हलतेच ना? तसा तारा हलला. प्रकाशातल्या फरकावरून ते कळले.’’

‘‘तिथले वर्ष केवढे?’’

‘‘पहिल्या ग्रहावर आपल्या जवळजवळ तीन वर्षांएवढे.’’

‘‘बापरे! म्हणजे दिवाळी तीन वर्षांनी?’’ त्याचा चेहरा पडला. मग म्हणाला, ‘‘या पणतीचा उजेड तिथे कधी पोचेल?’’

‘‘निघाला तर पंचेचाळीस वर्षांनी.’’

‘‘तेव्हा मी तुमच्यासारखा आजोबा असेन. आणि तुम्ही?’’

मी म्हटले, ‘‘चल, आजी फराळाला थांबली असेल.’’