स्क्रू काढण्याआधीच्या कामाचेही पैसे घ्या

सर्व्हरचा मदरबोर्ड काढणं म्हणजे घरचा पीसी उघडणं नव्हे. माझं तर स्पष्ट मत आहे, स्क्रू काढण्याआधीचं काम बिलात वेगळं लावा. गिऱ्हाईक कुरकुरेल, कुरकुरू दे.

त्या डब्यावर त्याचा सगळा हिशेब चालतो ना! म्हणून बॅकअप झालाय, हे लेखी घ्या. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की मिळेपर्यंत बोर्डाला हात लावू नका. बोर्डासोबत टीपीएम चिप बदलली की विंडोज तीच की मागतं, आणि ती नसेल तर डेटा अडकला. कुठली डिस्क कुठल्या स्लॉटात, नंबर टाका. केबलचे फोटो काढा.

सर्व्हरला बहुतेक वेळा दोन पॉवर सप्लाय असतात. दोन्ही वायरी काढा, मग पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो. मनगटाला अँटीस्टॅटिक पट्टा हवाच. प्रोसेसर काढलात की सॉकेटवर लगेच झाकण बसवा. पिना वाकल्या तर नवा बोर्डही भंगारात.

शेजारचा दुकानदार निम्म्या पैशात करून देतो म्हणे. देईल की! यातलं काय काय गाळतो, ते गिऱ्हाइकाला त्याच्याकडेच विचारायला सांगा.