मुक्या सोबत्याचा विश्वास

पांडव स्वर्गारोहणास निघाले, तेव्हा एक कुत्रा त्यांच्यामागून चालू लागला. द्रौपदी व चौघे भाऊ वाटेत पडले. कुत्रा मात्र अखेरपर्यंत धर्मराजाबरोबर राहिला. इंद्राचा रथ आला, तरी या सोबत्यास टाकून त्यात बसण्याचे धर्मराजाने नाकारले. महाभारतातील ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. विश्वासाने मागे येणाऱ्यास वाऱ्यावर सोडू नये, हा तिचा बोध आहे. परंतु त्याला कोठे न्यावे व कोठे नेऊ नये, हा प्रश्न त्याच्याही आधीचा होय. तो मला अमेरिकेच्या वाळवंटात उमगला, आणि तोही थोडा उशिराच.

माझा मुलगा ॲरिझोना राज्यात राहतो. त्याच्या घरी मोती नावाचा कुत्रा आहे. एका जून महिन्यात त्याला घेऊन आम्ही ग्रँड कॅन्यन पाहावयास गेलो. कोलोरॅडो नदीने लक्षावधी वर्षे खडक कापून कोरलेली ही घळई सुमारे 446 किलोमीटर लांब असून कोठे कोठे दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. 1919 सालापासून हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला आहे. तेथील दक्षिण काठावरील वाटांवर कुत्र्यास दोरी बांधून फिरविता येते. पण काठाखाली उतरणाऱ्या वाटांवर त्याला मज्जाव आहे. अपंगांच्या मदतीसाठी शिकवून तयार केलेले कुत्रे तेवढे याला अपवाद. खेचरांना वाट मोकळी आणि आपल्या मोतीला बंदी, हे पाहून माझा नातू हिरमुसला. खरे सांगावयाचे तर मलाही तो नियम जाचकच वाटला.

पुढे आम्ही शेजारच्या युटा राज्यात गेलो. तेथे काफ क्रीक नावाच्या ओढ्याकाठी तांबड्या कड्यांची एक सुंदर दरी आहे. तिच्या टोकाशी सुमारे 38 मीटर उंचीचा धबधबा असून जाऊन येऊन साडेनऊ किलोमीटरांची चाल पडते. येथे दोरी बांधून कुत्रा नेण्यास परवानगी होती. नातवाच्या आनंदास पारावार उरला नाही. आम्ही निघालो उशिरा. मोती पुढे पुढे धावत होता. धबधब्याच्या थंडगार पाण्यात तो मनसोक्त डुंबला. परतीच्या वाटेवर मात्र ऊन माथ्यावर आले आणि वाळू भाजू लागली. आमच्या पायांत जाड बूट होते. मोती अनवाणी होता! तो एका सावलीतून दुसऱ्या सावलीत पळू लागला आणि शेवटी एका झुडपाखाली त्याने अंग टाकले. पाहतो तो त्याच्या पंजांना फोड आलेले. मुलाने त्याला खांद्यावर घेऊन उरलेली वाट तुडविली.

नातवाने रडवेल्या स्वराने विचारले, "आजोबा, तो आधीच का थांबला नाही?"

या प्रश्नाने मी खजील झालो. मोती थांबला नाही, कारण आम्ही थांबलो नव्हतो. माणसाच्या सर्वांगास घाम येतो व त्यामुळे शरीर निवते. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांना. म्हणून जीभ बाहेर काढून धापा टाकीत त्याला अंगातील उष्णता घालवावी लागते. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी तर उन्हाळ्यात तपमान 40 अंशांच्याही वर जाते. शिवाय आपण गड चढतो, तेव्हा कष्ट आधी आणि उतरण नंतर. घळईत सारेच उलटे. उतरताना उत्साह असतो, आणि थकल्यावर चढण समोर उभी राहते. हे गणित माणसाला मांडता येते, कुत्र्याला नाही. मग तो नियम जाचक कसा?

कोणी म्हणेल, "कुत्रा मूळचा रानातला प्राणी. त्याला घरात डांबून ठेवणे हीच निर्दयता नव्हे काय?" या म्हणण्यात तथ्य आहे. मोतीला ओढ्याकाठी झालेला आनंद मी डोळ्यांनी पाहिला. त्याला डोंगरदऱ्यांत नेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. जेथे मुभा आहे, तेथे थंडीच्या दिवसांत, पहाटे, त्याच्या वाटणीचे वेगळे पाणी घेऊन अवश्य न्यावे. जमिनीवर आपला हात काही वेळ ठेवून पाहावा. तो ठेववत नसेल, तर त्या जमिनीवर त्याला चालवू नये. आणि तो दमण्याआधी आपण परत फिरावे, मग धबधबा पाहावयाचा राहिला तरी चालेल.

मुलांनो, तुमच्यामागून येणारे सारेच काही कुत्रे नसतात. शेतकऱ्याचा बैल असेल, तुमचे बोट धरून चालणारे धाकटे भावंड असेल. ज्याला 'नको' म्हणता येत नाही, त्याच्या वतीने 'नको' म्हणणे हे त्याला नेणाऱ्याचे कर्तव्य आहे.

मोतीचे पाय पुढे बरे झाले. आता बाहेर पडताना तो पूर्वीसारखाच दाराशी शेपटी हलवीत उभा राहतो. आमच्या त्या चुकीचा त्याने राग धरलेला नाही. नातू मात्र आधी अंगणात जाऊन जमिनीला हात लावून पाहतो, आणि मगच दोरी हातात घेतो.