साकव हाही आरोग्यसेवेचाच भाग

लसीकरणाचे वेळापत्रक बाळाचे वय पाहते, ऋतू पाहत नाही. जूनच्या आरंभी जन्मलेल्या बाळाचे ६, १० आणि १४ आठवड्यांचे डोस जुलै, ऑगस्ट व सप्टेंबरात येतात. म्हणजे तिन्ही भर पावसाळ्यात. खानापूरच्या जंगलपट्ट्यात ज्या वाड्यांपुढे ओढा आडवा येतो, तेथे नेमके याच दिवसांत परिचारिकेला पलीकडे जाता येत नाही आणि धाप लागलेल्या बाळाला अलीकडे आणता येत नाही.

मध्यंतरी सुळ्य तालुक्यात एका खोल घळीवरचा झुलता पूल पाहण्याचा योग आला. याच तालुक्यातील अभियंते गिरीश भारद्वाज यांनी १९८९ मध्ये आरंबूर येथे पयस्विनी नदीवर आपला पहिला झुलता पादचारी पूल उभारला. पुढे असे शंभराहून अधिक पूल त्यांनी बांधले आणि २०१७ मध्ये ते पद्मश्रीचे मानकरी ठरले. अशा पुलाला पात्रात खांब लागत नाही, त्यामुळे पुराचा लोंढा खालून निघून जातो. पाऊल टाकले की फळी हलते खरी. परंतु दप्तर पाठीला लावलेली मुले त्यावरून निर्धास्त चालत होती.

कोणी म्हणेल, साकव कशाला, पक्का रस्ताच मागावा. रस्ता अवश्य मागावा. मात्र २०११ मध्ये अभयारण्य घोषित झालेल्या भीमगडसारख्या वनक्षेत्रात रस्त्याची परवानगी सहजी मिळत नाही, आणि तोवर बाळाचे वय थांबून राहत नाही.

तरीही पूल बांधला की कर्तव्य संपले, असे नव्हे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मोरबीचा झुलता पूल कोसळून १३५ जणांचा बळी गेला. तपास पथकाच्या प्राथमिक अहवालानुसार एका मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या. लक्षणे न दाखवता वाढणारा रोग आपण वैद्यांनी ओळखायचा नाही, तर कोणी?

म्हणून माझी सूचना अशी : आपल्या सभासदांनी दर वर्षी मे महिन्यात, पावसात तुटणाऱ्या वाड्यांची आणि तेथील वर्षाच्या आतील बाळांची यादी करावी. ती जिल्हा पंचायतीकडे द्यावी, आणि तीतच प्रत्येक साकवाच्या वार्षिक तपासणीची मागणी करावी. औषधाच्या चिठ्ठीइतकेच या यादीलाही महत्त्व आहे.