उपचार संपले, सोबत संपू नये

शेवटची केमोथेरपी पार पडते. घरी पेढे वाटले जातात, पेढीवर नातलगांचे फोन येतात. कुटुंबाच्या दृष्टीने एक मोठे खाते बंद झालेले असते. रुग्णाच्या मनात मात्र त्याच दिवशी नवे खाते उघडते. इतके महिने रुग्णालयात सतत कोणीतरी विचारपूस करीत असे. आता पुढील तपासणी तीन महिन्यांनी. मधल्या काळात साधी पाठ दुखली, तरी ‘रोग परतला तर नसेल?’ या शंकेने झोप उडते.

शरीरही लगेच पूर्ववत होत नाही. या आजारानंतरचा थकवा केवळ विश्रांतीने जात नाही. तो अनेक महिने टिकू शकतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडे चालणे, हाच त्यावर चांगला उपाय ठरतो. काही औषधांमुळे बोटे बधिर होतात. नोटा मोजताना, कापडाचा पोत पाहताना ती साथ देत नाहीत. स्तनाच्या कर्करोगात काखेतील गाठी काढल्या असतील, तर पुढे हाताला सूज येऊ शकते. संप्रेरकांवर वाढणाऱ्या प्रकारात रोजची गोळी पाच ते दहा वर्षे घ्यावी लागते. म्हणजेच ‘उपचार संपले’ हे वाक्य अनेकदा अर्धेच खरे असते.

अशा वेळी ‘आता बरी झालीस ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणण्याची सोयच उरत नाही. त्याऐवजी ‘आज कसे वाटते?’ असे विचारावे आणि उत्तर शांतपणे ऐकावे. घरच्या कर्त्या माणसाला गादीवरून कायमचे उठवू नये. सकाळचे दोन तास बसू द्यावे, मग हळूहळू वेळ वाढवावा. शस्त्रक्रिया, औषधे व किरणोपचार यांची नोंद एका फाइलमध्ये ठेवावी. तपासणीला कोणीतरी सोबत जावे. उपवास करायचा असल्यास गोळ्यांच्या वेळा व पाणी यांविषयी डॉक्टरांना आधी विचारावे.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा मानू नये. 1951 साली मुंबईत स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीसारख्या संस्था उपचारांनंतरही आधार देतात. बालपणी कर्करोगातून बरे झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट याच संस्थेचा आहे.

आजारपणात धावून येणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. सहा महिन्यांनी, काही कारण नसताना, सहज येऊन बसणारे एखादे माणूसही रुग्णाला तितकेच हवे असते.