बहात्तराचा पाढा

मुलांनो, तुम्हांला कितीपर्यंत पाढे येतात? तीसपर्यंत? शाब्बास! मला मात्र एका आजोबांनी थेट बहात्तराचा पाढा शिकवला. तोही पस्तिशी उलटल्यावर आणि माझ्याच वर्गातल्या मुलांसमोर! त्याचीच ही गोष्ट.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी मुंबईहून एक खोकं आणलं. आत मिग-२१ या लढाऊ जेट विमानाचा प्लॅस्टिकचा संच होता. करड्या रंगाच्या चौकटी आणि त्यांना झाडाला कैऱ्या लगडाव्यात तसे लगडलेले विमानाचे बारीक बारीक भाग. ते कापायचे, घासायचे, जोडायचे आणि रंगवायचे. खोक्यावर लिहिलं होतं, १ : ७२. म्हणजे खरं विमान या नमुन्याच्या ७२ पट मोठं.

आता ७२ च का, ५० किंवा १०० का नाही? तर हे माप इंच-फुटांच्या हिशोबातून आलं. एका फुटात १२ इंच, सहा फुटांत ७२ इंच. म्हणून खरे सहा फूट नमुन्यात एक इंच होतात. मिग-२१ च्या पंखांचा पसारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७ मीटर १५ सेंटिमीटर. त्याला ७२ ने भागा पाहू! जेमतेम १० सेंटिमीटर. तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर आरामात मावेल.

मी चार संध्याकाळींत विमान जोडलं, वरून रुपेरी रंग फासला आणि जानेवारीत शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ऐटीत मांडलं. पण मांडल्या मांडल्या ते शेपटीवर बसलं आणि त्याचं नाक वर आभाळाकडे! मुलं फिदीफिदी हसली. मी हळूच शेपटीखाली खोडरबर सरकवलं आणि वेळ मारून नेली.

तेवढ्यात चौथीतल्या एका मुलीचे आजोबा आले. त्यांची सगळी नोकरी नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात झाली आणि निवृत्त झाल्यावर ते इकडे खालापूर तालुक्यात आपल्या गावी परतले. त्यांनी चष्मा पुसला आणि विमान हातात घेतलं.

"हे तर आमचं विमान! बाई, राग येणार नसेल तर एक सांगू?"

"सांगा ना, आजोबा."

पंख धडाला जिथे जोडला होता, तिथून त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं. "ही फट किती असेल?"

"असेल अर्धा मिलिमीटर."

"गुणिले बहात्तर?"

मी हिशोब करतेय तोवर त्यांची नात ओरडली, "छत्तीस मिलिमीटर! म्हणजे साडेतीन सेंटिमीटरहून जास्त!"

"म्हणजे माझी दोन बोटं आत जातील," आजोबा म्हणाले. "असं विमान आमच्या शेडमधून बाहेर पडलं नसतं. बाई, आत माणूस बसतो."

मुलांनो, माझा चेहरा पडला, खोटं कशाला सांगू? पण आजोबांचं खरं होतं. ओझरचा कारखाना १९६४ साली मिग-२१ बांधण्यासाठीच उभा राहिला. त्याचं इंजिन ओडिशातल्या कोरापूटला तयार होई आणि विमान बांधलं जाई आपल्या महाराष्ट्रात. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाऊ शकणारं हे विमान. त्या वेगात फटीचं काय होईल याचा विचार करा!

आम्ही ठरवलं, नवा संच आणायचा नाही, हाच सुधारायचा. जूनमध्ये शाळा उघडली आणि दर शनिवारी काम सुरू झालं. एक मुलगा म्हणाला, "बाई, खेळणंच तर आहे. कोण बघतंय?" तेव्हा मी त्याला एक खरी हकीकत सांगितली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून विमानांचे लाकडी नमुने बनवून घेतले होते. त्यांचं मापही १ : ७२ च. ते नमुने पाहून सैनिक आपलं विमान कोणतं आणि शत्रूचं कोणतं हे ओळखायला शिकत. नमुन्याचा आकार चुकला असता, तर सैनिकाची नजरही चुकीचंच शिकली असती. तो मुलगा गप्प झाला आणि पाणपेपर घासू लागला!

आधी फट. गाडीच्या पत्र्याला पोचा आला की गॅरेजवाले लांबी भरतात ना, तशीच आम्ही पंखाच्या सांध्यात भरली. पण त्याआधी जुना रंग काढायचा होता. तो थिनरने काढायला गेलो असतो, तर प्लॅस्टिकच विरघळलं असतं. म्हणून पाणी लावून पाणपेपरने घासला. लांबी सुकल्यावर आधी जाड, मग बारीक पेपर. शेवटी खोलीत अंधार करून बॅटरीचा उजेड तिरपा पाडला. जिथे सावली दिसेल, तिथे अजून खड्डा आहे! रुपेरी रंग काही लपवत नाही, उलट प्रत्येक ओरखडा चमकवून दाखवतो.

मग शेपटीवर बसणारं विमान. सी-सॉ आठवा. विमानाची मागची दोन चाकं म्हणजे मधला टेकू. टेकूच्या मागचा भाग जड झाला, म्हणून नाक वर गेलं. उपाय सोपा, नाकात वजन घाला. सायकलवाल्या काकांकडून जुने छर्रे आणले. ते आधी नाकाला बाहेरून चिकटपट्टीने लावून पाहिले. सात छर्ऱ्यांनी डुगडुगलं, आठव्याला पुढचं चाक टेकलं. मग नाकातला सुळका अलगद काढला, आठही छर्रे आत घट्ट बसवले आणि सुळका पुन्हा लावला.

हा सुळका शोभेचा नाही, बरं का! त्याच्या आत रडार असतं. शिवाय विमानाच्या वेगाप्रमाणे तो पुढे-मागे सरकतो आणि इंजिनात शिरणारी हवा आवरतो. आवाजाहून वेगाने येणारी हवा इंजिनाला तशीच चालत नाही, आधी तिचा वेग कमी करावा लागतो.

वैमानिकाच्या खुर्चीला संचात पट्टेच नव्हते. ते मुलींनी चॉकलेटच्या चांदीच्या कागदाचे कापले, एक मिलिमीटरहून बारीक! वरचं पारदर्शक झाकण मी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावणार होते, पण आजोबांच्या नातीने अडवलं. तिने एका वाया गेलेल्या तुकड्यावर तो गोंद लावून पाहिला होता आणि त्याच्या वाफेने तुकडा पांढरा धुरकट झाला होता. मग आम्ही साधा पांढरा फेव्हिकॉल वापरला.

रंगाने मात्र आम्हांला रडवलं. जुलैतला कर्जत-खालापूरचा पाऊस तुम्हांला ठाऊक आहेच. दमट हवेत रंग मारला आणि त्यावर पांढुरकी साय धरली. पुन्हा घासा! या वेळी आम्ही कोरड्या दिवसाची वाट पाहिली आणि पातळ हात दिले. कारण पुन्हा तोच पाढा. दशांश एक मिलिमीटर जाड रंग म्हणजे खऱ्या विमानावर सात मिलिमीटरचा थर. असा रंग कोण लावेल?

शेवटी पंखावरचं गोल चिन्ह. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा.

शुक्रवार, २६ सप्टेंबर २०२५. त्या दिवशी भारतीय हवाई दलाने मिग-२१ ला चंडीगडला निरोप दिला. १९६३ साली हे विमान हवाई दलात दाखल झालं तेही चंडीगडलाच. बासष्ट वर्षांच्या सेवेत त्याने १९७१ च्या युद्धात पराक्रम गाजवला, आणि त्याच्या अपघातांत अनेक वैमानिकांचे प्राणही गेले. आजोबा शाळेत आले होते. मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून तो सोहळा पाहिला. आजोबा काहीच बोलले नाहीत. सोहळा संपल्यावर त्यांनी आमचं विमान उचललं, अंगठ्याचं नख सांध्यावरून फिरवलं, दोनदा फिरवलं.

"डावं चाक जरासं तिरकं आहे," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "पण आता यात माणूस बसवायला हरकत नाही."

चाक अजून तिरकंच आहे. ते आम्ही वहीत लिहून ठेवलंय. पुढच्या विमानाला आधी तिकडे बघायचं.

आई-बाबांना दोन शब्द : पातं चालवताना मुलांजवळ बसा. गोंद आणि रंग खिडकी उघडी ठेवूनच वापरू द्या. पण नमुना वाकडा होतोय असं दिसलं, तरी स्वतः हातात घेऊन पुरा करू नका. चूक त्यांनाच सापडू द्या, त्यांनाच दुरुस्त करू द्या.

करून पाहा : संच महाग असतो, नसला तरी चालेल. आपली शाळा किंवा घर मीटरपट्टीने मोजा, प्रत्येक मापाला ७२ ने भागा आणि पुठ्ठ्याचा नमुना बनवा. मग त्यातल्या तीन चुका शोधा, त्यांना ७२ ने गुणा आणि खऱ्या घरात त्या केवढ्या झाल्या असत्या ते वहीत लिहा. सगळ्यांत मोठी चूक कोणती, ते मला जरूर कळवा. माझी मी सांगितलीच आहे!