माहुलीचा कातळ आणि उन्हाळा

भिवंडीची तरुण मंडळी सुटीच्या दिवशी आसनगावमार्गे माहुलीगडावर जातात, हे चांगलेच. यंत्रमागाच्या खडखडाटातून तेवढीच सुटका. परंतु सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडला आहे; त्याचा काळा कातळ उन्हात तव्यासारखा तापतो. वरून ऊन, खालून धग! रात्रपाळी करून, न झोपता एप्रिल-मेमध्ये गड चढणे माझ्या मते धाडस नव्हे, अविचार आहे. थंडीत जा, पहाटे निघा. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून जवळ ठेवा. उन्हात सोबती असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत निजवून अंग ओले करा, वारा घाला आणि विनाविलंब रुग्णालयात न्या. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी ओतू नका. माथ्याचा हट्ट सोडा. गड कुठे पळून जात नाही.