रांगेचं गणित आणि सकाळची सहल



हौदाचं गणित तुम्ही नक्कीच सोडवलं असेल. एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो, तर हौद किती वेळात भरेल? ते गणित पाहून पुष्कळ मुलांच्या कपाळाला आठ्या पडतात. "बाई, एकाच वेळी भरायचं आणि रिकामं करायचं, असं कोण करतं हो?" असा प्रश्न दरवर्षी एक तरी मूल विचारतंच.

कोण करतं ते आज सांगते. गर्दीच्या मनोरंजन पार्कमधली प्रत्येक रांग म्हणजे असा एक हौद असतो. मागून माणसं येत राहतात, तो भरणारा नळ. पुढून माणसं राइडमध्ये बसून निघून जातात, तो रिकामा करणारा नळ. हे गणित ज्याला जमलं, त्याची सहल अर्धी जिंकली म्हणून समजा.

तुमच्या आई-बाबांच्या लहानपणी मुंबईकर मुलं खाडी ओलांडून, बोटीत बसून गोराईच्या एस्सेल वर्ल्डला जायची. ते १९८९ साली सुरू झालं आणि २०२२ साली बंद झालं. आता महाराष्ट्रातल्या पुष्कळ मुलांच्या तोंडी नाव असतं ते इमॅजिकाचं. रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ, बोरघाटाच्या पायथ्याशी हे पार्क २०१३ साली सुरू झालं. आजचा हिशेब आपण तिथल्याच सहलीचा धरू. पण पार्क कुठलंही असो, रांगेचं गणित सगळीकडे तेच असतं.

हौद कसा भरतो?

समजा, एका राइडमध्ये दर दोन मिनिटांनी २० माणसं बसतात. म्हणजे मिनिटाला १० माणसं रांगेतून कमी होतात. फाटक उघडल्या उघडल्या तुम्ही तिथं पोचलात आणि पुढं ५० जण आहेत. ५० भागिले १०. पाच मिनिटांत तुमचा नंबर!

आता मागून मिनिटाला १५ माणसं येऊ लागली. निघतात १०, येतात १५. म्हणजे दर मिनिटाला रांग पाच माणसांनी वाढते. तासाभरात ३०० माणसं वाढली. आधीची ५० धरून झाली ३५०. आता थांबायचं ३५ मिनिटं. आणखी एक तास गेला की रांग ६५० ची होते आणि थांबायला लागतं एक तास पाच मिनिटं!

गंमत पाहा. राइड तीच आणि तिकीटही तेच. दोन तास उशीर झाला म्हणून पाच मिनिटांची पासष्ट मिनिटं झाली.

सकाळी पहिली राइड करून, चालत दुसरीकडे जाईपर्यंत पंधरा मिनिटं गेली असं धरा. दुसरी रांगही पहिलीसारखीच वाढत असेल, तर तिथं १२५ माणसं असतील, म्हणजे साडेबारा मिनिटं. दोन्ही राइडचं मिळून थांबणं झालं साडेसतरा मिनिटं. याच दोन राइड दोन तासांनी सुरू केल्या, तर कमीत कमी दोन तास दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं.

या गणितामागं मोठी माणसं आहेत बरं का! कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञानं १९०९ साली टेलिफोनवर येणाऱ्या कॉलचं गणित मांडलं. तेव्हापासून रांगांचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला. पुढं १९६१ साली अमेरिकेतल्या जॉन लिटल यांनी रांगेची लांबी, माणसं येण्याचा वेग आणि थांबण्याचा वेळ यांचं साधं नातं सिद्ध करून दाखवलं. आपण वर केलेला भागाकार म्हणजे त्याच नात्याचं शाळकरी भावंड.

उलटं घड्याळ

सहल घरातून निघताना सुरू होते असं आपल्याला वाटतं. तयारी मात्र फाटकापासून उलटी मोजायची. फाटक उघडायची वेळ ऋतूप्रमाणे आणि वारांप्रमाणे बदलते, म्हणून ती आदल्या दिवशी विचारून घ्यायची. आपण साडेदहा धरू.

साडेदहाला फाटक उघडणार, तर दहाला दाराशी हजर. प्रवास दोन तासांचा असेल, तर झाले आठ. वाटेत चहा, नाश्ता आणि धाकट्यांची शू यासाठी अर्धा तास. झाले साडेसात. पुण्याकडून येणाऱ्यांना बोरघाट उतरावा लागतो. तिथं गाड्या अडल्या तर? म्हणून आणखी अर्धा तास खिशात ठेवायचा. निघायचं सातला, उठायचं साडेपाचला. मग झोपायचं किती वाजता, ते तुम्हीच सांगा!

मुंबईकडून येणाऱ्यांच्या वाटेत बोरघाट येत नाही. शिवाय कर्जतहून खोपोलीला रेल्वेचा फाटा आहे. पण खोपोलीपर्यंत जाणाऱ्या लोकल मोजक्याच असतात. त्यामुळं वेळापत्रक आधी पाहून ठेवलं पाहिजे. आणि तिकिटं आधी काढलेली असली, की खिडकीवरची रांग वाचते.

अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कमध्ये तर सकाळी एक खरीखुरी दोरी धरून लोकांना थांबवायची पद्धत पडली. वेळ झाली की दोरी सोडायची! त्यावरून सकाळी सगळ्यांत आधी पोचण्याला तिकडं 'रोप ड्रॉप' असंच म्हणतात. त्या डिस्नेलँडचा पहिला दिवस मात्र फजितीचा होता. १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात अनाहाइम इथं, संत्र्याच्या बागा होत्या त्या जागेवर ते उघडलं. त्या दिवशी फक्त आमंत्रितांनी यायचं होतं. पण कुणीतरी खोटी तिकिटं छापली आणि गर्दी आटोक्याबाहेर गेली. पिण्याच्या पाण्याची सोय अपुरी पडली. ओल्या डांबरात बायकांच्या बुटांच्या टाचा रुतून बसल्या. हौद एकदम फुटला म्हणायचा!

आत गेल्यावर

१. फाटकाजवळच्या पहिल्या राइडला भुलू नका. आत शिरलेली बहुतेक माणसं समोर दिसेल तिथंच थांबतात. तुम्ही आदल्या रात्री नकाशा पाहून ठेवा आणि जिथं सगळ्यांत मोठी रांग लागते, तिकडं आधी जा. इमॅजिकात 'नायट्रो' नावाचा मोठा रोलर कोस्टर आहे. त्याला पायाखाली फळीच नाही, पाय अधांतरी लोंबकळतात! अशा राइड पहिल्या तासात उरकायच्या. पण पळत सुटायचं नाही. भरभर चालायचं.

२. प्रत्येकानं आपली एकच 'हवीच' राइड सांगायची. चार जणांच्या चार. आधी त्या चार करायच्या, बाकीच्या जमतील तशा. म्हणजे घरी जाताना कुणाचं तोंड फुगलेलं नसेल.

३. पाण्याची राइड सकाळी पहिली नको. कपडे ओले झाले की दिवसभर अंगाला चिकटतात. ती उन्हात करा आणि एक कोरडा जोड व पंचा जवळ ठेवा. तिथल्या पाण्याच्या राइडला नाव आहे 'राजासॉरस'. हे नाव नुसतं बनवलेलं नाही हं! नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या खऱ्याखुऱ्या हाडांवरून शास्त्रज्ञांनी २००३ साली एका मांसाहारी डायनोसॉरला 'राजासॉरस नर्मदेन्सिस' असं नाव दिलं. रांगेत उभं असताना ही गोष्ट शेजारच्याला सांगा. पाच मिनिटं सहज जातील.

४. भर दुपारी उन्हातल्या रांगा सोडून द्या. तेव्हा छताखालचे खेळ पाहा. जेवणही सगळ्यांच्या वेळेला नको. बाराला जेवा, नाहीतर अडीचला. एक वाजता जेवणाचा हौदही भरलेला असतो!

५. संध्याकाळी लांबून आलेले लोक परतीला लागतात. भरणारा नळ बारीक होतो आणि रांग आपोआप उतरते. आवडलेली राइड पुन्हा करायची, ती तेव्हा.

दोन सेंटिमीटरची गोष्ट

आता एक गंभीर मुद्दा. मोठ्या राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते. तिच्यापेक्षा कमी उंचीच्या मुलांना बसू देत नाहीत. तासभर रांगेत उभं राहून, नंबर आल्यावर "तू नाही" असं ऐकणाऱ्या मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. दोन सेंटिमीटर कमी पडले, एवढंच. पण ते हुंदके मग दिवसभर थांबत नाहीत.

म्हणून घरीच दाराच्या चौकटीला टेकून, अनवाणी उभं राहून उंची मोजा. पार्कचे नियम आधी पाहा. धाकट्याला काय चालेल आणि काय नाही, ते त्याला घरीच सांगून टाका. जाड तळव्याचे बूट घालून फसवू नका. अंगावर येणारा तो लोखंडी दांडा शरीराच्या मापानं बसवलेला असतो. बुटानं उंची वाढते, पण खांदे काही मोठे होत नाहीत. दादा राइडमध्ये असेल तेव्हा धाकट्याबरोबर कोण थांबणार, हेही आधीच ठरवा. आणि तेवढ्या वेळात धाकट्याला त्याचा पाळणा मिळालाच पाहिजे!

भीतीचंही तसंच. एखाद्याला उंचावर जायची भीती वाटते. "भित्रा, भित्रा" म्हणून त्याला ढकलत नेऊ नका. खाली उभं राहून हात हलवणाराही सहलीतलाच असतो.

एका मिनिटाची चोरी

रांगेत एक मुलगा उभा असतो. तो हाक मारतो, "ए, इकडे या रे!" आणि नऊ-दहा दोस्त दोरीखालून आत घुसतात. त्यांना वाटतं, यात कुणाचं काय गेलं?

करा गणित. मिनिटाला १० माणसं आत जातात. दहा जण घुसले, म्हणजे मागच्या प्रत्येकाचं एक मिनिट गेलं. मागं ३०० माणसं असतील, तर ३०० मिनिटं. म्हणजे पाच तास! त्यात कुणाची आजी असते, कुणाच्या कडेवर बाळ असतं. एक मिनिट कुणी चोरलं, हे कुणालाच कळत नाही, म्हणून कुणी ओरडतही नाही. पण चोरी ती चोरीच.

काही पार्कमध्ये जास्त पैसे भरून पुढं जायचं तिकीट मिळतं. ते नियमानं असतं, त्याला घुसणं म्हणत नाहीत. पण त्या तिकिटासाठी आई-बाबांकडे हट्ट धरू नका. ज्यांच्याकडे ते तिकीट नाही, त्यांच्यासाठी सकाळ असते. पहाटे उठायला जास्तीचे पैसे पडत नाहीत.

पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, अशा एका दिवसामागं तुमची कितीतरी दिवसांची बचत असते, हे आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे. म्हणूनच "पैसे वसूल झाले पाहिजेत" असं वाटणं साहजिक आहे. पण राइड मोजून वसुली करायला गेलं, की मुलं दमतात, मोठी माणसं चिडतात आणि संध्याकाळी सगळे गप्प गप्प घरी येतात. सकाळी लवकर जायचं ते जास्त राइड कोंबण्यासाठी नव्हे. दुपारी तासभर झाडाखाली बसून डबा आठवावा, गप्पा माराव्यात, एवढी सवड हाती राहावी म्हणून जायचं. जमल्यास शनिवार-रविवार टाळा. हिवाळ्यात मात्र आधी चौकशी करा. त्या दिवसांत शाळांच्या सहली मधल्या वारीही येतात. पावसाळ्यात जाणार असाल, तर विजा कडाडू लागल्यावर उघड्यावरच्या राइड थांबवतात, याची मुलांना आधीच कल्पना द्या.

आणि नियोजन मुलांना करू द्या. उलटं घड्याळ त्यांना मांडू द्या. मग पहाटे हाका मारून उठवावं लागणार नाही.

या आठवड्याचा उपक्रम

पार्कला जायलाच हवं असं नाही. शाळेतला पाण्याचा नळ, पिठाची गिरणी, एस. टी. चं आरक्षण, कुठल्याही रांगेशी घड्याळ घेऊन उभे राहा. पाच मिनिटांत किती जण पुढं सरकले आणि किती नवे आले, ते वहीत लिहा. तुमचा हौद भरतोय की रिकामा होतोय, ते ठरवा.

शिवाय हे एक गणित : एका राइडमध्ये दर तीन मिनिटांनी २४ जण बसतात. तुमच्या पुढं १६० जण आहेत. तुमचा नंबर किती मिनिटांनी येईल? आधी वहीत सोडवा, मगच खालची ओळ वाचा.

उत्तर : मिनिटाला ८ जण, म्हणून साधारण २० मिनिटं.

भेटू पुढच्या आठवड्यात!

— तुमच्या बाई